परात आणि दोन नंबरचा रिमोट

गेल्या आखाजीला भिकुबाई जिंकली, तेव्हाच भागाबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. भिकुबाई म्हणजे तिची धुळ्याची नणंद. सव्वीस आखाज्यांत ही बाई जिंकली असेल जेमतेम सात वेळा. त्यातही एकदा भागाबाईला ताप होता, एकदा नातू मांडीवर चढून बसला होता आणि एकदा ऐन वेळी लाईट गेली होती. अशी बाई भर दुपारी, लाईट असताना, गल्लीतल्या आठ-दहा जणींच्या देखत सरळ मार्गाने जिंकते, हे भागाबाईच्या बुद्धीला पटणारं नव्हतं.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हटली की खानदेशात पुरुषांनी लिंबाखाली सतरंजी टाकून पत्ते कुटायचे आणि त्या दिवशी त्यांना कुणी काही बोलायचं नाही, ही जुनीच रीत. बायकांनी झोके घ्यावेत, गाणी म्हणावीत. भागाबाईला हा न्याय कधीच मान्य नव्हता. वर्षभर चुलीपुढे भाजायचं आम्ही, आणि डाव मांडायचा यांनी? म्हणून ज्या वर्षी तिच्या धनसिंगने बारावी पास झाल्याच्या आनंदात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला, त्या वर्षीपासून जळगावच्या त्या घरात नणंद-भावजयीचाही डाव बसू लागला. धनसिंग आता दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्यूट्या करतो, त्याचे केस पांढरे झाले. पण गेम अजून चालतो, आणि तोही जुन्या डबा टीव्हीवरच. नव्या टीव्हीला तो ओळखत नाही.

खेळ विटांचा. वरून वेड्यावाकड्या विटा पडतात, त्या फिरवून खाली नीट बसवायच्या. आडवी ओळ भरली की ती गायब. पडद्याच्या मधोमध रेघ, एका बाजूला एकीचा ढीग, दुसऱ्या बाजूला दुसरीचा. जिचा ढीग आधी वर टेकला ती हरली. भागाबाईची शाळा दुसरीत सुटली होती, पण एका फडताळात चाळीस डबे बसवून वर पाटा-वरवंटा ठेवणाऱ्या बाईला विटा बसवायला कोणी शिकवावं लागत नाही.

पैसे लावून खेळायला सासूबाईंची बंदी होती. त्यांनी आपली पितळी परात मध्ये ठेवली आणि सांगितलं, "जी जिंकेल तिच्या घरी वर्षभर राहील. भांडायचं नाही." सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. परात राहिली आणि भांडणही राहिलं. परात घरात असली की भागाबाई पुरण घालताना गेलेल्या सासूबाईंना हळूच म्हणायची, "बघा बाई, जमलंय का." गेल्या वर्षी मात्र परात एस.टी.त बसून धुळ्याला गेली, आणि भागाबाईने वर्षभर स्टीलच्या परातीत कणीक मळली. त्या कणकेला दवाखान्याचा वास येतो, असं तिचं म्हणणं. वर भिकुबाई घरच्या मोबाईल ग्रुपवर परातीचे फोटो टाकायची. परातीत मेथी. परातीत वाळत घातलेल्या मिरच्या. एकदा तर नुसतीच परात, आणि खाली 'शुभ सकाळ'.

तेव्हा दोष कुठे आहे हे शोधणं भाग होतं. आणि तो रिमोटमध्ये होता.

गेमला वायरचे दोन रिमोट. एक नंबरच्या रिमोटला खेळ सुरू करायचं बटण, दोन नंबरला तेही नाही. आखाजीला माहेरवाशीण आली की ताट आधी तिचं, झोका आधी तिचा आणि निवडही आधी तिची. त्यामुळे एक नंबर कायम भिकुबाईकडे आणि दोन नंबर भागाबाईकडे. या दोन नंबरचा उजवा बाण अडकायचा. विटेला 'जा तिकडे' म्हटलं की ती म्हाताऱ्या बैलासारखी आधी विचार करायची.

"पण आई," सून ललिता म्हणाली, "तुम्ही एकोणीस वेळा जिंकलात त्या दोन नंबरनेच ना?"

"तवय तो धड व्हता." राग आला की भागाबाईच्या तोंडी अमळनेरचं माहेर यायचं. "तुले काय करनं शे? तू कोणाकडून शे, ते सांग आधी."

ललिताने कपाळावरचा घाम पुसला आणि सासूच्या मोबाईलवरून एक नवा रिमोट मागवला.

आठवड्याने पार्सलवाला आला. दार उघडून भागाबाईने त्याला चपलेपासून टोपीपर्यंत बघून घेतलं. तो म्हणाला, "मोबाईलवर आकडा आला असेल, तो सांगा." झालं! बँकेतल्या साहेबाने तिला बजावून सांगितलं होतं की मोबाईलवर आलेला आकडा कुणालाही सांगायचा नाही, अगदी नवऱ्यालाही नाही. तिने नवऱ्याला, म्हणजे भाईदास आबांना, तेव्हापासून मोबाईललाच हात लावू दिला नव्हता. हा तर परका माणूस. "आकडा पाहिजे का रे तुला? आधी पेटी उघडून दाखव." तो म्हणाला, आकड्याशिवाय पेटी देता येत नाही. ती म्हणाली, पेटीशिवाय आकडा मिळत नाही. एवढ्या उन्हात दोघं दहा मिनिटं समोरासमोर उभी होती. शेवटी पार्सल आलं तसं गेलं. असं तीनदा झालं.

मग भागाबाई स्वतः पार्सलच्या ऑफिसात गेली. काउंटरवरचा माणूसही तेच म्हणाला, आकडा. "मी जिती-जागती समोर उभी शे, तरी आकडा?" तो म्हणाला, कॉम्प्युटर घेत नाही. तिने त्याचं ओळखपत्र मागितलं. ओळखपत्रावर मिशी होती, समोरच्या तोंडावर नव्हती. भागाबाईने पदर खोचला आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारलं, "मिशी कुठे गेली याची?" तिच्या मते हा प्रश्न अगदी साधा होता. ऑफिसाच्या मते नव्हता. त्याच संध्याकाळी रिमोट जिथून आला होता त्या गावी परत गेला.

एव्हाना गल्लीत बातमी फुटली होती. शेजारची बिजलीबाई सल्ला घेऊन आली. "भागाक्का, रिमोट उघडून स्पिरिटने पुसा. नाहीतर तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवा. आमच्या भावाने धुळ्याला असंच केलं."

धुळ्याला! भागाबाईचा पोहे निवडणारा हात थांबला. बिजलीबाईचं माहेर धुळ्याचं, हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं. पण त्याचा अर्थ आत्ता लागला. तिने गोड आवाजात सांगितलं, "रिमोट? कसला रिमोट? आम्ही तर यंदा खेळणारच नाही." आणि बिजलीबाई उंबऱ्याबाहेर पडताच दारं-खिडक्या लावून घेतल्या.

त्या दिवसापासून सराव बंद खोलीत सुरू झाला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. कूलर लावला तर त्याच्या आवाजात दाराशी कोण आलंय ते ऐकू येणार नाही, म्हणून कूलर बंद. टीव्हीचा आवाजही बंद. आबा गंजिफ्रॉकवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत आणि समोरच्या ढिगाकडे बघत. त्यांना भिकुबाईच्या जागी बसवलं होतं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "अगं, मी बाहेर बसून हरलो तर चालेल का?"

"आणि मी काय त्या पुठ्ठ्याशी खेळू?"

बिजलीबाईने खिडकीच्या फटीला तोंड लावून विचारलं, "आबांना बरं नाही का हो? डॉक्टर बोलवू?" भागाबाईने आतून कडी पुन्हा तपासली.

शेवटी ललितानेच सुचवलं, मिश्रीलालशेठच्या दुकानात जाऊ. मिश्रीलालशेठ आधी लुगडी विकायचे, मग टेप, मग मोबाईल. आता गल्ल्यावर शेठ नुसते बसलेले असतात आणि दुकान त्यांचा नातू रोनक बघतो. भागाबाईने नमुन्याला म्हणून दोन नंबरचा रिमोट फडक्यात गुंडाळून नेला. रोनकने त्याची पिन पाहिली आणि चेहरा उजळला त्याचा. "नऊ टाचण्यांची पिन! मावशी, हा तर म्युझियममध्ये ठेवायचा माल."

"माझ्या घरात ठेवायचाय. दुसरा दाखव."

त्याने काचेवर पाच रिमोट मांडले. एक जाड बटणांचा, एक चपटा, एक शिंगं असलेला, एकावर आपोआप भराभर दाबलं जाणारं बटण, एक निळा आरपार दिसणारा. प्रत्येकाबद्दल त्याने काहीबाही सांगितलं, रबर कसं, आतली पट्टी कशी, वायर किती लांब. भागाबाईने त्यातलं काहीच ऐकलं नाही. विकणारा जे सांगतो ते ऐकायचं नसतं, हात काय सांगतो ते ऐकायचं. तिने एक रिमोट डाव्या तळव्यावर घेतला, एक उजव्यावर, आणि डोळे मिटले.

भरताचं वांगं असंच निवडतात. दिसायला मोठं आणि हाताला हलकं, ते वांगं चांगलं. जड म्हणजे आत बियाच बिया. हे तिला सासूबाईंनी आठवडी बाजारात उभं राहून शिकवलं होतं, आणि आजवर त्यात एकदाही फसगत झाली नव्हती. तिने पाचही रिमोट तोलले, अंगठ्याने दाबून पाहिले, कानाशी धरून टिचकी मारली. एकाचा तर वास घेतला. निळा सगळ्यांत हलका भरला.

"हा दे."

रोनक गडबडला. "मावशी, तो नका घेऊ. हलका आहे म्हणजे आत मालच नाही. हा काळा घ्या, जड आहे. आत पक्की पट्टी आहे."

भागाबाईने ललिताकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. बघ, जड माल गळ्यात मारतोय.

गल्ल्यावरून मिश्रीलालशेठ म्हणाले, "अक्का, ही काय वांगी नाहीत."

"शेठ, तुम्ही लुगडी विकायचे तवयपन हाईच सांगायचे, जड घ्या, टिकेल. ते लुगडं दिवाळीपर्यंत नाही टिकलं."

शेठ गल्ल्यातली चिल्लर मोजू लागले. लुगड्याची गोष्ट सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची होती, पण खरी होती.

निळा रिमोट घरी येऊन जोडला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की आत खरोखर माल नाही. वीट कुठलीही असो, ती डावीकडे जायची. मध्येच उड्या मारायची. थोड्या वेळाने तर भागाबाईने हातही लावला नाही तरी विटा आपल्या आपण भिंतीला जाऊन चिकटू लागल्या. बदलून आणायला गेली तर रोनकने पावतीवरची ओळ दाखवली, खोका असेल तरच बदलून मिळेल. खोक्यात तोवर ललिताने वाती भरल्या होत्या. वाती काढून खोका आणला, तर रोनक म्हणाला, तेलाचा डाग आहे. भागाबाई मुकाट्याने तो जड काळा रिमोटही घेऊन आली. शेठ हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, निदान काही बोलता आलं असतं.

काळा मात्र रत्न निघाला. बोट लावायचा अवकाश, वीट जागेवर. आबा सलग अकरा वेळा हरले. आता प्रश्न एकच उरला. निवड आधी माहेरवाशिणीची. काळा दिसला की भिकुबाई तो उचलणार.

हे कोडं भागाबाईला भाकरी थापताना सुटलं. हातातली भाकरी हातातच राहिली आणि ती एकटीच हसली. भिकुबाईला वांगं निवडायला शिकवलं कोणी? तिच्या आईने, म्हणजे सासूबाईंनीच!

आखाजीच्या दिवशी सकाळच्या गाडीने भिकुबाई आली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली परात. भागाबाईने तिला पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली, आणि बोलता बोलता परातीला बोटाने टिचकी मारून पाहिली. आवाज तोच होता. तरी तिने कडेचा पोचा शोधून खात्री केली.

"तीच आहे गं वहिनी," भिकुबाई म्हणाली. "धुळ्यात पितळ महाग आहे, बदलायला परवडत नाही."

पितरांची घागर भरून झाली, आमरस-पोळीची जेवणं झाली. बाहेर लिंबाखाली आबांचा पत्त्यांचा डाव बसला. आत बायका जमल्या. बिजलीबाई सगळ्यांत पुढे. भागाबाईने चटईवर निळा आणि काळा, दोन्ही नवे रिमोट शेजारी शेजारी ठेवले. जुने दोन्ही खाटेखाली होते.

"यंदा नवे आणलेत. निवड भिकुताई, मान तुझा."

भिकुबाईने दोन्ही रिमोटांकडे पाहिलं. मग एक डाव्या तळव्यावर घेतला, एक उजव्यावर. डोळे मिटले. भागाबाईने श्वास रोखला. भिकुबाईने निळा कानाशी धरला, टिचकी मारली आणि म्हणाली, "हा."

भागाबाईला त्या क्षणी सासूबाईंची फार आठवण आली.

डाव सुरू झाला. भागाबाईच्या विटा शहाण्या मुलांसारख्या रांगेत बसत होत्या. भिकुबाईच्या विटा डाव्या भिंतीला जत्रेसारख्या गर्दी करत होत्या. तिने रिमोट हलवला, झटकला, मांडीवर आपटला. ढीग अर्ध्यावर आला, पाऊण झाला. परात आता दोन हातांवर होती. आणि तेवढ्यात भिकुबाईने रिमोट शांतपणे खाली ठेवला.

"असू दे वहिनी," ती मायेने म्हणाली. "रिमोटच बिघडलेला आहे. त्याला तू तरी काय करशील? घे परात."

बायकांमधून 'अगं बाई' असा सूर निघाला. बिजलीबाईने मान हलवली.

भागाबाईचा अंगठा बटणावरच थिजला. रिमोटच बिघडलेला आहे. हे वाक्य तिचं होतं. वर्षभर तिने ते दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. आता हेच वाक्य संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला जाणार, तिथून अमळनेरला, भडगावला, जिथे जिथे गोतावळा तिथे तिथे. परात घरात येईल, पण तिच्यात घातलेलं पुरण बघून प्रत्येक जण म्हणेल, बिघडलेल्या रिमोटवर मिळवलेली. आणि रोज ती परात मांडून सासूबाईंना काय सांगायचं?

"थांब," तिने फटकन टीव्हीच बंद केला. "डाव मोडला. माझ्या घरात कोणी बिघडलेल्या रिमोटवर हरत नाही. हा काळा घे. नवा आहे, चांगला आहे, कुणालाही विचार."

"आणि तू?"

एक नंबर काढायचा, तर सुरू करायचं बटण एकटीकडे घेतलं असंही कुणी म्हणेल. भागाबाईने खाटेखाली हात घातला आणि फडक्यातला दोन नंबर बाहेर काढला.

"आई!" ललिता म्हणाली.

"गप."

डाव पुन्हा बसला. काळा रिमोट भिकुबाईच्या हातात पाण्यासारखा चालत होता. इकडे दोन नंबरचा उजवा बाण अडकला; पण कुठे अडकेल हे भागाबाईच्या अंगठ्याला आधीच ठाऊक होतं. सव्वीस वर्षांत बटणाला तिच्या अंगठ्याएवढी खळी पडली होती. वीट उजवीकडे न्यायची तर ती अर्ध्या श्वासाआधी दाबत होती. विटा वेगात येऊ लागल्या. बाहेरचे पत्तेवाले खिडकीशी आले, आबा सगळ्यांत मागे. भिकुबाईच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं. तिची एक लांबट वीट आडवी बसली, तिच्यावर दुसरी, आणि ढीग वर टेकला.

घरात एकच कल्ला झाला. भागाबाईने आधी परात ओढून मांडीवर घेतली, मग श्वास सोडला.

भिकुबाईने काळा रिमोट नीट गुंडाळून चटईवर ठेवला. पदराने तोंड पुसलं. आणि बिजलीबाईपासून आबांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वहिनी, दोन नंबर तर झकास चालतो गं. मग गेल्या वर्षी काय झालं होतं?"

भागाबाईने परातीकडे पाहिलं. परातीत तिचाच चेहरा दिसत होता, जरा चपटा.

"गेल्या वर्षी," ती सावकाश म्हणाली, "ऊन जास्त होतं."

"असेल," भिकुबाई म्हणाली.

"आणि तूपण..." भागाबाईने परातीची कड पदराने पुसली. "तूपण बरी खेळलीस."

ललिताच्या हातातला आमरसाचा पेला कलता कलता राहिला. भिकुबाईने भावजयीच्या गुडघ्यावर हात ठेवला. संध्याकाळच्या गाडीला भिकुबाई निघाली तेव्हा भागाबाईने तिच्या पिशवीत कुरडया, पापड आणि आंबे भरले. गाडी हलली तशी भिकुबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वहिनी, पुढच्या आखाजीला निवड आधी माझी ना?"

"तुझीच. तुझा मान आहे."

"मग दोन नंबर मी घेणार हं!"

गाडी धुरळा उडवत गेली. भागाबाई स्टँडवर उभीच.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात ती मिश्रीलालशेठच्या पायरीवर हजर होती. फडकं सोडून तिने दोन नंबरचा रिमोट काचेवर ठेवला.

"रोनक, असाच दुसरा दे. असाच म्हणजे असाच. उजवा बाण अडकणारा."

"मावशी, बिघडलेला रिमोट कोण विकतं?"

"मग चांगला घे आणि बिघडव. पण वेगळ्या जागी अडकला पाहिजे." तिने मागे वळून रस्त्यावर बिजलीबाई दिसते का ते पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आणि वजन अगदी एवढंच ठेव. धुळ्याची बाई हातात धरून बघते."